परागंदा बापाची सही



वसंतातल्या व्याख्यानाला साधारणपणे विद्वान माणसे बोलावण्याची रीत आहे. युनियनच्या माणसाला बोलावले म्हणजे तो बोनस आणि महागाईभत्ता यांवर बोलणार, असे श्रोते धरूनच येतात. म्हणून पत्रिकेवरचे आजच्या विषयाचे नाव वाचून काहीजणांनी मला वाटेत अडवून विचारले, ‘‘अहो, दत्तकाशी तुमचा काय संबंध?’’ मी वकील नव्हे. कॉलेजची पायरी चढलेलो नाही. जो काही कायदा मला येतो तो कामगार न्यायालयाच्या बाकावर बसून आणि रात्री पुस्तके चाळून आलेला आहे. तरीही हा विषय मीच मागून घेतला. त्याचे कारण एक साधा छापील कागद आहे. कामगार नोकरीला लागला की त्याच्यापुढे ठेवतात तो वारसनोंदणीचा फॉर्म.

कुरकुंभच्या किंवा रांजणगावच्या वसाहतीतला कोणताही कामगार घ्या. त्याने एका विधवेशी किंवा घटस्फोटितेशी लग्न केलेले असते. तिला पहिल्या घरचे एक मूल असते. हा गडी त्या मुलाला शाळेत सोडतो, त्याच्या तापात रात्र जागवतो, मूल त्याला ‘पप्पा’ म्हणते. फॉर्मवर तो मुलाचे नाव लिहितो, ‘नाते’ या रकान्यात ‘मुलगा’ लिहितो, आणि घरी जाऊन निर्धास्त झोपतो. माझे म्हणणे असे की ती झोप खोटी आहे.

भविष्य निर्वाह निधीच्या १९५२ च्या योजनेत कुटुंब म्हणजे कोण, याची व्याख्या दिलेली आहे. तीत बायको आहे, मुले आहेत, अवलंबून असलेले आईबाप आहेत. सावत्र मुलाचे नाव नाही. आणि ज्याला कुटुंब आहे त्याने कुटुंबाबाहेरच्या माणसाचे नाव घातले तर ते टिकत नाही. १९४८ च्या राज्य विमा कायद्यात शब्द होते ‘औरस किंवा दत्तक’. अपघाताच्या नुकसानभरपाईच्या १९२३ च्या कायद्यातही हीच जोडी होती. हे कायदे जाऊन २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली. कपडा नवा आला, पण तीतही ‘औरस किंवा दत्तक’ हे माप तेच आहे. मालमत्तेचे म्हणाल, तर हिंदू वारसा कायद्यात सावत्र मूल हे सावत्र बापाचे मूल म्हणून वारस होत नाही. मृत्युपत्र केले तर गोष्ट निराळी. पण आमच्या लोकांत मृत्युपत्राचे नाव काढले की घरात कुणीतरी आजारी आहे असा समज होतो.

माझ्या कामाच्या वर्षांत एक प्रकरण असे झाले. कारखान्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. यंत्रावर अपघात होऊन माणूस गेला. मागे बायको, तीन वर्षांचा त्यांचा मुलगा आणि बाईची पहिल्या घरची अकरा वर्षांची मुलगी. भरपाईच्या अर्जात बायकोचे नाव चढले, मुलाचे चढले. मुलीच्या नावावर काट मारली गेली. कारकुनाने काही अन्याय केला असे नाही, त्याच्यापुढे व्याख्या होती. पण ती मुलगी तिथे उभी होती, वाचता येत होते तिला, आणि स्वतःच्या नावावर आडवी रेघ मारलेली तिने पाहिली. बाहेर आल्यावर तिने आईला एवढेच विचारले की, मग मी कोणाची?

या प्रश्नाचे कायदेशीर उत्तर दत्तक हे आहे. सावत्र बापाने त्या मुलीला रीतसर दत्तक घेतले असते तर १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याच्या १२ व्या कलमाप्रमाणे त्या दिवसापासून ती त्याची मुलगी झाली असती. होम लागत नाही, भटजी लागत नाही. द्यायचे आणि घ्यायचे, आणि त्याचा दस्त सहनिबंधकापुढे नोंदवायचा. मग त्याने ते केले का नाही? कारण दत्तक ‘देण्याला’ पहिल्या बापाची संमती लागते, आणि तो बाप नऊ वर्षांपूर्वी घर सोडून गेला होता. तो सुरतेला आहे म्हणत, कोणी म्हणत वापीला. त्याची सही कुठून आणायची?

आता कलम ९ कडे या. १९५६ साली ते कलम लिहिले तेव्हा मूल दत्तक देण्याचा हक्क बाप जिवंत असेपर्यंत एकट्या बापाचा होता. आईची नुसती संमती विचारायची. २०१० साली कायदा दुरुस्त झाला आणि ३१ ऑगस्ट २०१० पासून आईबापांना सारखा हक्क मिळाला. ही दुरुस्ती चांगली आहे, मी तिचे स्वागत करतो. पण सारखा हक्क म्हणजे दोघांना एकमेकांची संमती हवी. ही संमती केव्हा लागत नाही? तर दुसऱ्याने पूर्णपणे आणि कायमचा संसारत्याग केला असेल, तो हिंदू राहिला नसेल, किंवा न्यायालयाने त्याला भ्रमिष्ट ठरविले असेल, तर. बस्स, तीनच वाटा.

याचा अर्थ काय होतो पाहा. बाप विधिपूर्वक संन्यास घेऊन हिमालयात गेला तर आई मूल दत्तक देऊ शकते. तोच बाप दुसरी बाई घेऊन वापीला गेला तर देऊ शकत नाही! संसार दोन्हीकडे टाकलेला आहे. किंबहुना हिमालयात गेलेल्याने निदान विधी तरी केला. आमच्या तालुक्यात बायकामुले टाकून गेलेले पुरुष मी पुष्कळ पाहिले, पण त्यांतला एकही भगवी वस्त्रे घालून गेलेला माझ्या पाहण्यात नाही.

याहून नवल पुढे आहे. याच कलमाच्या चौथ्या पोटकलमात ‘मूल टाकून दिले असेल तर’ हे शब्द चक्क लिहिलेले आहेत. पण कोणासाठी? आई आणि बाप या दोघांनीही टाकले असेल तर. तसे असेल तर पालकाने न्यायालयाची परवानगी घेऊन मूल दत्तक द्यावे. बालन्याय कायद्याखाली तर ज्या मुलाला दोघांनी टाकले त्याची चौकशी करून बालकल्याण समिती त्याला दत्तकासाठी मोकळे ठरविते. दोन वर्षांखालच्या मुलाला दोन महिन्यांत आणि मोठ्याला चार महिन्यांत, असा त्याचा नियम आहे. म्हणजे दोघांनी टाकलेल्या मुलाला वाट आहे. एकाने टाकले आणि दुसरीने छातीशी धरले, त्या मुलाची वाट बंद. आईने सांभाळले हा त्या मुलाचा तोटा ठरतो. मी हे एका वकीलमित्राला दाखविले तेव्हा तो म्हणाला, ‘‘कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे अनाथ होता, तुमची बाई नव्हती.’’ मला वाटते त्याचे म्हणणे खरे आहे.

ही बाई पूर्वी कायदेकारांच्या डोळ्यांपुढे येऊन गेलेली आहे. १८५६ साली विधवाविवाहाचा कायदा झाला. त्याच्या दुसऱ्या कलमाने सांगितले की पुनर्विवाह करणाऱ्या बाईचा पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क जाईल. आणि तिसऱ्या कलमाने सांगितले की मृताचे नातलग तिच्या मुलांना दुसरा पालक नेमून मागू शकतील. लग्नाची मोकळीक दिली, पण मूल आणि घर उंबऱ्याच्या आत ठेवून घेतले. हा कायदा १९८३ साली रद्द झाला, परंतु त्याचा विचार रद्द व्हायला आणखी किती वर्षे लागतील ते सांगवत नाही.

मुंबईच्या डॉ. रखमाबाईंचे नाव आपण ऐकले असेल. नवऱ्याच्या घरी जाण्याचे नाकारून त्यांनी १८८४ ते १८८८ कज्जा लढवला, आणि सहा महिन्यांच्या कैदेच्या धमकीपुढेही वाकल्या नाहीत. पण त्यांच्या घराकडे फार लोक बघत नाहीत. रखमाबाई लहान असताना वडील जनार्दन पांडुरंग वारले. आई जयंतीबाईंनी पुढे डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. सुतार जातीत तो रूढ होता. लग्नाआधी जयंतीबाईंनी पहिल्या नवऱ्याची मालमत्ता मुलीच्या नावे करून दिली. सखाराम अर्जुन नामांकित डॉक्टर, वनस्पतिशास्त्राचे जाणकार. ते या मुलीच्या पाठीशी उभे राहिले, तिला घरात पुस्तके मिळू दिली, कोवळ्या वयात तिला सासरी पाठविण्याला विरोध केला. खटला चालू असताना १८८५ साली ते वारले. त्यांच्याजवळ बापपणाचा कायदेशीर तुकडाही नव्हता, आणि मिळणेही शक्य नव्हते. कारण त्या काळच्या हिंदू कायद्यात दत्तक होई तो मुलगा, मुलगी नव्हे. मुलीला दत्तक घेण्याचा हक्क १९५६ साली आला. पण बापाने करायचे ते त्यांनी केले. उलट पक्षाने मात्र सावत्र बाप आणि आई मालमत्तेच्या लोभाने मुलीला अडवून ठेवतात, असा बोभाटा केला. सावत्र बापाच्या हेतूबद्दलचा संशय हा तेव्हापासूनचा, कदाचित त्याच्याही आधीचा आहे.

जोतीराव फुल्यांचे उदाहरण आणखी बोलके आहे. काशीबाई नावाच्या विधवेला ज्याने फसविले तो पुरुष नामानिराळा राहिला. तिचे १८७४ साली जन्मलेले मूल फुले दांपत्याने यशवंत म्हणून वाढविले. जोतीरावांसारखा माणूस लोकलज्जेला भीत नव्हता. पण १८८७ साली त्यांनी मृत्युपत्र करून नोंदवून ठेवले. मनाने मूल आपले झाले तरी कागद हवा, हे त्या माणसाला ठाऊक होते.

आणि आपण बसलो आहोत ते केडगाव आहे. पंडिता रमाबाईंनी १८९८ साली इथे मुक्तिसदन उभे केले. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी मुली-बायका आणल्या, त्यांतल्या किती जणींच्या मागे जिवंत बाप आणि जिवंत नवरे होते! खुद्द रमाबाईंची मुलगी मनोरमा वर्षाचीही झाली नव्हती तेव्हा, १८८२ च्या फेब्रुवारीत, तिचे वडील वारले. पुढे इंग्लंडात ज्या जोगिणींच्या आश्रमात मायलेकी राहिल्या त्यांच्याशी रमाबाईंचा खटका उडाला, तो या मुलीला धर्माचे काय शिकवावे आणि ते कोणी ठरवावे यावरून. ते ठरविणारी मी तिची आई आहे, हे रमाबाईंनी उपकारकर्त्यांना तोंडावर सांगितले. केडगावच्या मातीत हा प्रश्न नवा नाही.

स्वातंत्र्यानंतर न्यायालये या प्रश्नाच्या जवळ जवळ येत गेली. १९७० साली सर्वोच्च न्यायालयापुढे विदर्भातल्या एका मायलेकीच्या जमिनीचे प्रकरण आले. बाप जिवंत, पण वीस वर्षांहून अधिक काळ वेगळा. मुलीकडे त्याचे लक्ष नाही. न्यायालयाने म्हटले की हा बाप नसल्यासारखाच आहे, आईने पालक म्हणून केलेला व्यवहार चालेल. १९९९ साली लेखिका गीता हरिहरन यांचे प्रकरण निकालात निघाले. मुलाच्या नावाने रोखे घ्यायचे होते, रिझर्व्ह बँकेने अर्जावर बापाची सही मागितली. पुन्हा सहीच! पालकत्वाच्या कायद्यात ‘बाप आणि त्याच्यानंतर आई’ असे शब्द आहेत. त्यातल्या ‘नंतर’चा अर्थ बाप मेल्यानंतर असाच घ्यायचा नाही, तो मुलाच्या सांभाळात गैरहजर असेल तर तेव्हाही आई पालक, असे न्यायालयाने ठरविले. आणि २८ जुलै २०२२ च्या निकालात बाप वारलेल्या एका मुलाचे आजीआजोबा आणि पुनर्विवाहित आई यांचा वाद होता. मुलाच्या कागदांवर दुसऱ्या नवऱ्याचे नाव ‘सावत्र वडील’ म्हणून लावा, असा खालचा आदेश होता. सर्वोच्च न्यायालयाने तो निर्दय म्हणून मोडला. आडनाव ठरविण्याचा आणि मूल दत्तक देण्याचाही हक्क आता एकट्या आईचा, असे सांगितले. ज्यांचा पहिला नवरा वारला आहे त्या भगिनींनी हा निकाल लक्षात ठेवावा. सासूसासऱ्यांच्या सहीची तुम्हांला गरज नाही.

परंतु बाप जिवंत आणि परागंदा असेल तर? गैरहजर बाप हा पालकत्वापुरता कायद्याला दिसू लागला, दत्तकापुरता अजून दिसत नाही. दोन वर्षे टाकून दिले म्हणून न्यायालय त्याच माणसाविरुद्ध बायकोला घटस्फोट देते. हुकूमनाम्यात लिहिते की याने हिला टाकले. तोच हुकूमनामा घेऊन ती दत्तकाला गेली की तिला विचारतात, त्याची संमती कोठे आहे?

इंग्लंडात दत्तकाचा कायदा आला तोच मुळी १९२६ साली. आपल्याकडे दत्तक हजारो वर्षांचा. पण त्या पहिल्याच कायद्यात न्यायालयाला अधिकार होता की, आईबापाने मूल टाकले असेल, त्यांचा पत्ता लागत नसेल, किंवा ते पोसण्याचे सतत टाळत असतील तर त्यांच्या संमतीवाचून हुकूम द्यावा.

आता मी दुसरी बाजू मांडतो, कारण ती मांडणारा इथे दुसरा कोणी नाही आणि ती माझ्या लोकांची बाजू आहे. गैरहजर असणे आणि टाकून देणे या दोन गोष्टी आहेत. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. किती जणांनी बायकामुले गावी धाडली आणि स्वतः मिळेल ते काम करीत शहरात राहिले! वर्ष वर्ष मनिऑर्डर गेली नाही. ते बाप नव्हते काय? बीडकडचा ऊसतोड कामगार दसऱ्यानंतर निघतो तो उन्हाळ्यात परततो, मूल आजीजवळ. कोणी तुरुंगात असतो, कोणी आखाती देशात पासपोर्ट मालकाच्या कपाटात ठेवून अडकलेला असतो. ‘पैसे पाठविले नाहीत, सबब बाप नाही’ असा सोपा कायदा केला तर तो श्रीमंताला लागणार नाही, माझ्या कामगाराला लागेल. आणि रागाच्या भरात नवऱ्याचे नाव पुसू पाहणारी माणसेही जगात आहेत. दत्तक एकदा झाले की रद्द होत नाही. म्हणून बापाचे म्हणणे ऐकल्यावाचून त्याचा हक्क तोडू नये, असे मी युनियनचा माणूस म्हणून ठामपणे म्हणतो. नोटीस न देता कामावरून काढलेले आम्ही सहन करीत नाही, तर नोटीस न देता बापपणावरून काढलेले कसे करावे?

पण नोटीस काढा. शेवटच्या ठाऊक पत्त्यावर काढा, गावच्या चावडीवर लावा, वर्तमानपत्रात छापा. आला, तर त्याला विचारा की दोन वर्षांत मुलाला भेटलास का, पत्र टाकलेस का, जमेल तेव्हा चार पैसे दिलेस का. अडचण खरी असेल तर त्याचा हक्क राहू द्या. आलाच नाही, किंवा येऊन नुसते ‘नाही’ म्हणाला आणि का ते सांगेना, तर न्यायाधीशाने मुलाचे हित पाहून संमतीशिवाय परवानगी द्यावी. बोलण्याचा हक्क त्याला असावा, गप्प राहून मुलाला अडवून ठेवण्याचा नसावा. हे करायला नवा कायदा लागत नाही. चौथ्या पोटकलमातले ‘टाकून दिले असेल’ हे शब्द न्यायालयाच्या परवानगीच्या अटीसह दुसऱ्या पोटकलमात आणून ठेवायचे, एवढेच काम आहे. निवडणुका येतात तेव्हा आपण रस्ता मागतो, पाणी मागतो. ही एक ओळही मागावी. मात्र तोपर्यंत आपल्या घरातले मूल वाढायचे थांबणार नाही, तेव्हा आजच्या कायद्यात काय करता येते ते सांगतो.

बापाचा पत्ता ठाऊक असेल आणि त्याला हरकत नसेल तर वेळ घालवू नका. परस्परसंमतीचा घटस्फोट होत असेल तर तिथेच मुलाचा ताबा आणि पुढच्या दत्तकाबद्दलचे म्हणणे लिहून घ्या, आणि दत्तकाच्या वेळी नोंदणीकृत दस्तावर त्याची संमती पुन्हा घ्या. संमतीसाठी पैसे मागितले तर देऊ नका. दत्तकात पैशाची देवघेव हा १७ व्या कलमाने गुन्हा आहे. बालन्याय कायद्याखाली, २०२२ च्या नियमांप्रमाणे, सावत्र आईबापांना दत्तकाची निराळी वाट आहे आणि ती कोणत्याही धर्माच्या माणसाला खुली आहे. केडगावात ख्रिस्ती कुटुंबे पुष्कळ आहेत, त्यांना १९५६ चा कायदा लागू नाही, त्यांनी ही वाट पाहावी. तिथेही संमतिपत्र लागतेच, आणि ताब्याचा दावा चालू असेल तर तो संपेपर्यंत थांबावे लागते.

बाप सात वर्षे कोणालाच, म्हणजे ज्यांना त्याची खबर लागायला हवी त्या त्याच्या भावांनाही, ठाऊक नसेल तर तो हयात नाही असे न्यायालय धरू शकते. जुन्या पुरावा कायद्याचे हे १०८ वे कलम होते, १ जुलै २०२४ पासून नव्या साक्ष्य अधिनियमात ते १११ वे आहे. पण सणाला गावी येऊन जाणाऱ्या बापाला हे कलम लागत नाही.

सात वर्षे झाली नसतील तर आईने स्वतःच्या पालकत्वाचा हुकूम तरी घ्यावा. आणि सावत्र बापाने मृत्युपत्र करावे. स्वकष्टार्जित घर, बँकेतली ठेव, विम्याची रक्कम यांचा बंदोबस्त त्याने होतो. भविष्य निधीच्या फॉर्मवर मुलाचे नाव खोट्या नात्याने घालू नये, बायकोचे घालावे.

आणखी काही खाचखळगे आहेत. १९५६ च्या कायद्याने मूल पंधरा वर्षांच्या आतले हवे. घेणाऱ्याला स्वतःचा मुलगा असेल तर त्याला मुलगा दत्तक घेता येत नाही, मुलगी असेल तर मुलगी नाही. पुरुषाने मुलगी दत्तक घ्यायची तर दोघांत एकवीस वर्षांचे अंतर हवे. अठ्ठावीस वर्षांच्या तरुणाने आठ वर्षांच्या मुलीच्या आईशी लग्न केले, तर एका वर्षाने दार बंद झाले! परागंदा बापाची वाट पाहता पाहता दुसरे मूल होते, मुलगा झाला तर पहिल्याचे दार बंद. म्हणून ‘पुढे बघू’ हे या बाबतीत चालत नाही.

उलट बाजूही तोलून घ्या. दत्तकाने जन्मदात्याकडून पुढे मिळणारा वारसा तुटतो आणि त्याची पोटगीची जबाबदारीही संपते. त्याच्या नावावर भीमेकाठची बागायत असेल आणि सावत्र बापाजवळ भाड्याची खोली, तर सातबारा समोर ठेवूनच ठरवावे. आणि मूल समजते झाले असेल तर त्याला विचारा. बालन्यायाच्या नियमांत पाच वर्षांवरच्या मुलाची संमती घेतात. १९५६ च्या कायद्यात ती अट नाही, पण म्हणून घरात विचारू नये असे थोडेच आहे?

वकिलाच्या खर्चाला भिऊन पुष्कळ बाया इथेच थांबतात. १९८७ च्या विधिसेवा कायद्याच्या १२ व्या कलमाप्रमाणे स्त्रीला आणि बालकाला उत्पन्न किती हे न बघता फुकट वकील मिळतो. तालुक्याच्या न्यायालयात विधिसेवा समिती असते, तिथे साधा अर्ज करायचा. जाताना मुलाचा जन्मदाखला, पहिल्या लग्नाचा आणि घटस्फोटाचा कागद, दुसऱ्या लग्नाची नोंद, शाळेचा दाखला घेऊन जावे. आणि बापाला पाठविलेली, परत आलेली पाकिटे असतील तर ती फाडून न टाकता तारखेनिशी बरोबर न्यावीत.